शेण नवऱ्याने खायचं, चूळ बायकोने भरायची? (अमेरिकन निवडणुका आणि बायका)

कोपऱ्यावरची

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे (न्यू जर्सी) नेहमीची मंडळी जमली होती. चकली मऊ पडली यावरून बोलणं चाललं होतं, ते कसं कोण जाणे हिलरी क्लिंटनवर घसरलं. माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "त्या बाईने १९९८ मध्ये बिलचं लुईन्स्कीबरोबरचं लफडं निघालं तेव्हाच नवऱ्याला सोडलं असतं ना, तर २०१६ ला डोळे झाकून तिला मत दिलं असतं. जी स्वतःच्या घरात गप्प बसली ती बाहेर काय करणार?" त्यावर मैत्रिणीच्या सासूबाई, वय ७८, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, शंकरपाळा मोडता मोडता म्हणाल्या, "आणि सोडला असता तर म्हणाला असतात, संसार टिकवता आला नाही, देश काय टिकवणार."

मला दोघींचंही पटल्यासारखं झालं आणि तिथेच डोकं अडकलंय.

२०१६ चा ऑक्टोबर आठवतोय का? ७ तारखेला ट्रम्पची ती बसमधली टेप बाहेर आली, बायकांबद्दल घाणेरडं बोललेली. सगळ्या चॅनलवर तेच. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, तिने त्यातला 'पुसी' शब्द ऐकला आणि विचारलं, आई, बाईला मांजर का म्हणतात? मी रिमोट शोधतेय तर तो सोफ्याच्या फटीत. आणि मग ९ तारखेला सेंट लुईसची डिबेट. टेप ट्रम्पची, पण हॉलमध्ये आणून बसवल्या कोण, तर बिल क्लिंटनवर आरोप करणाऱ्या बायका. म्हणजे बोलणारा एक, आरोप दुसऱ्यावर, आणि स्टेजवर त्याला तोंड देत उभी कोण? जिने यातलं काहीच केलं नव्हतं ती.

तर प्रश्न असा: तिने काय करायला हवं होतं? खरंच, तुम्ही तिथे असतात तर?

खवचट_काका

आच मोठी ठेवली होती. वरून लाल, आतून कच्ची, मग दुसऱ्या दिवशी मऊ. चकलीबद्दल बोलतोय, उमेदवारांबद्दल नाही. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न आणतो.

मिशिगनकर

प्रामाणिकपणे सांगू? हे बाई-बुवा प्रकरण ओढूनताणून आणलंय. आमचं राज्य ती १०,७०४ मतांनी हरली. इतक्या लोकांचं तर आमच्या इथल्या हायस्कूलच्या मैदानात फुटबॉलला जमणं होतं. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये प्रायमरीनंतर (पक्षातली उमेदवारीची निवडणूक) ती एकदाही फिरकली नाही. फॅक्टरी बंद पडलेल्या गावात जाऊन चार शब्द बोलली असती तर लुईन्स्की वगैरे कोणाला आठवलंही नसतं. इथे कामावरचे लोक तिच्या ई-मेलच्या प्रकरणावरून ई-मेल ई-मेल करत होते, लग्नाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. प्रचार वाईट होता, हरली. विषय संपला.

इतिहासखोर

@मिशिगनकर, विषय इतक्यात कसा संपेल, अजून तर १८८४ पण आलेलं नाही :)

ग्रोव्हर क्लीव्हलँड, डेमोक्रॅट, प्रामाणिक म्हणून ख्याती. उमेदवारी मिळाली आणि जुलैत बफेलोच्या एका पेपरने छापलं की मारिया हॅल्पिन नावाच्या विधवेपासून त्याला मूल आहे. त्याने नाकारलं नाही, मूल माझं असू शकतं, मी खर्चाला पैसे देतो म्हणाला, आणि लोक म्हणाले वा, काय खरं बोलणारा माणूस! विरोधक रस्त्यावर ओरडत फिरायचे, "आई गं आई, माझा बाबा कुठंय?" आणि जिंकल्यावर याच्या लोकांनी उत्तर जोडलं, "गेला व्हाइट हाउसला, हा हा हा!" न्यू यॉर्क राज्य हजार-बाराशे मतांनी मिळालं आणि तेवढ्यावर तो राष्ट्राध्यक्ष झाला.

आता त्या बाईचं बघा. मूल काढून अनाथाश्रमात दिलं, तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, तिथल्या लोकांनी बाई शहाणी आहे म्हणून थोड्याच दिवसांत सोडली. निवडणुकीच्या तोंडावर तिने शपथेवर लिहून दिलं की माझ्यावर जबरदस्ती झाली होती. त्याचं पुढे काही म्हणता काही झालं नाही. दारू पिते, चालीची नाही, हेच सगळे बोलत राहिले. आणि साहेबांनी १८८६ मध्ये व्हाइट हाउसमध्येच लग्न केलं, आपल्या दिवंगत मित्राच्या मुलीशी. ते ४९, ती २१.

करून गेला गाव आणि कांदळकरांचं नाव, दुसरं काय.

खवचट_काका

हापिसात एक कांदळकर आहे, त्याला लिंक पाठवली. तो म्हणतो आमचं नाव १८८४ मध्ये पण गोवलंत का.

दुपारची_झोप

बापरे, हे माहीतच नव्हतं. तिकडे पण "चालीची नाही" असंच म्हणतात वाटतं.

इतिहासखोर

त्याच्याही आधी आहे. १८२८ ला अँड्र्यू जॅक्सन उभा होता, त्याची बायको रेचल. तिचा पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट कागदोपत्री पुरा व्हायच्या आत हिने दुसरं लग्न लावलं, असं विरोधी पेपरांनी उकरून काढलं, आणि ते लग्न होऊन तोवर पस्तीसेक वर्षं झाली होती! बिचारी डिसेंबरात गेली, नवरा निवडून आलेला पण शपथ व्हायची होती. जॅक्सन मरेपर्यंत म्हणत राहिला की माझ्या विरोधकांनी तिला मारली. उमेदवार तो, मतं त्याला, आणि बोंब तिच्या नावाने. म्हणजे कोपऱ्यावरची यांचा प्रश्न २०१६ चा नाही, दोनशे वर्षांचा आहे.

नव्यानेच_आलोय

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. पण पुरुषांचं पण वाटोळं झालंय की. तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिलेला गॅरी हार्ट? बोटीचं नाव "मंकी बिझनेस" आणि मांडीवर मुलगी, असला फोटो होता ना?

इतिहासखोर

@नव्यानेच_आलोय, स्वागत. हो, १९८७ चा मे. पत्रकारांना म्हणाला माझ्या मागे लागा, कंटाळाल. मायामीच्या पेपरवाल्यांनी खरंच त्याच्या घराबाहेर पाळत ठेवली आणि आठवड्यात गडी बाद. फोटो मात्र माघार घेतल्यावर छापला गेला, लोक उलटं लक्षात ठेवतात. त्याआधी केनेडीच्या काळात पत्रकारांना सगळं ठाऊक असायचं, छापायचं कोणी नाही.

पण त्याच वर्षाची दुसरी गोष्ट ऐका. हार्टच्या प्रचाराचं काम बघणारी, त्याच्याच राज्यातली खासदार, पॅट श्रोडर. तो गेल्यावर ही उभं राहायचा विचार करत होती. सप्टेंबरात डेन्व्हरला लोक जमवून सांगितलं की मी उभी राहत नाही, आणि बोलता बोलता रडली, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे पुसले. झालं! बायका असल्याच, हिच्या हातात अणुबॉम्बचं बटण द्यायचं का, असलं कायकाय. तिने पुढे एक फाइलच केली, सार्वजनिक ठिकाणी रडलेल्या पुरुष पुढाऱ्यांची. फाइल बरीच जाड झाली म्हणे.

खवचट_काका

आपल्याकडे ती फाइल ठेवायला गोदरेजचं कपाट लागेल. तिकीट कापलं की हुंदका, मिळालं की आनंदाश्रू.

दारावरची_बेल

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत, कमला हॅरिसच्या बाजूने दारं वाजवत फिरले. (हो, ज्यांना राग येणार त्यांनी पुढे जा.) तेव्हा बायकांच्या रेस्टरूममध्ये पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या, "तुमचं मत गुप्त असतं, नवऱ्याला कळत नाही" अशा अर्थाच्या. मला ते जरा जास्तच वाटायचं, पण एका घरी असं झालं. ॲपवर नवरा-बायको दोघांची नावं. दार नवऱ्याने उघडलं, दाराच्या चौकटीत मावत नव्हता एवढा माणूस. मी बायकोचं नाव घेतलं तर म्हणाला, या घरात सगळे ट्रम्पला देतात. मागे ती कपड्यांची बास्केट कमरेवर घेऊन उभी, माझ्याकडे बघतेय. मी मनात म्हटलं अरे देवा, हीच ती चिठ्ठीवाली. निघाले, ड्राइव्हवेच्या टोकाला पोचले तोवर ती मागून चपला फटफटवत आली. मला वाटलं आता कानात सांगणार. ती म्हणाली, "माझं पक्कं ट्रम्पच आहे. पण तुझ्याकडे तिच्या टॅक्सच्या योजनेचं काही पत्रक आहे का? हा नुसता मोठ्याने बोलतो, याचं अजून ठरलेलं नाही. त्याला वाचू दे."

दिलं पत्रक. काय झालं देव जाणे.

बाराखडी

@दारावरची_बेल, थँक्यू, निदान खरं ते लिहिलंत. मी रागावणाऱ्यांपैकी पण पुढे जाणार नाही, इथेच बसून लिहिते.

मी २०२४ ला ट्रम्पला मत दिलं. माझी डिग्री आहे, माझा पगार आहे, मला नवऱ्याने सांगितलं नाही. अंडी, भाडं, बॉर्डर, एवढं बघितलं. त्या न्यू यॉर्कच्या खटल्यात ३४ आरोप सिद्ध झाले, पॉर्नस्टारला गप्प बसवायला दिलेल्या १ लाख ३० हजार डॉलरची ती भानगड, सगळं माहीत होतं मला. मी जावई शोधत नव्हते. गोऱ्या बायकांमध्ये तिन्ही वेळा तोच पुढे राहिला, त्या सगळ्या काय बावळट?

आणि बाईचा अपमान म्हणता ना, मग २००८ ला सेरा पेलिन रिपब्लिकनांकडून उपराष्ट्राध्यक्षपदाला उभी होती तेव्हा कुठे होतात सगळे? तिच्या कपड्यांवर पक्षाने दीड लाख डॉलर घातले म्हणून गावभर बोंब, तिच्या सतरा वर्षांच्या मुलीच्या पोटात मूल आहे म्हणून कार्टून काढली. पाच मुलांची आई, घर कोण बघणार, हे प्रश्न स्वतःला पुढारलेले म्हणवणारेच विचारत होते. रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरलेल्या निकी हेलीबद्दल टीव्हीवरचा अँकर म्हणाला हिचा बहराचा काळ संपला, ५१ व्या वर्षी, आणि रिंगणात दोघं म्हातारे ७५ च्या पुढचे! आपल्या बाजूची बाई असली की देवी, समोरची असली की भवानी.

दुपारची_झोप

शेवटच्या वाक्याला +१००

मिशिगनकर

बाराखडी यांच्याशी सहमत. पेलिनची चेष्टा मीही केलेली आहे, आता आठवून बरं वाटत नाही.

दारावरची_बेल

पेलिनबद्दल मान्य, अगदी मान्य. पण बाराखडी, एक सांगा. "मी जावई शोधत नव्हते" हे ट्रम्पला चालतं, मग कमलाला का नाही? तीस वर्षांपूर्वी, अविवाहित असताना तिची कोणाशी मैत्री होती यावरून २०२४ मध्ये काय काय मीम्स आले ते तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर आले असतील, आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तर पुरुषांनीच नाही, काकवांनीही टाकले. पोटचं मूल नाही म्हणून मांजरवाली बाई. नवऱ्याची दोन मुलं तिला मोमाला म्हणतात ते मोजायचं नाही. आणि इकडे यांना तीन लग्नांची पाच मुलं. हे उलट असतं, पाच मुलं तीन नवऱ्यांची आणि उमेदवार बाई, तर प्रायमरी सोडा, शाळेच्या बोर्डावर तरी आली असती का?

बाराखडी

नसती आली. हे खरं आहे. पण म्हणून मी अंड्यांचा भाव विसरायचा का?

फोंडेकर

आम्ही गोंयकार गप्प वाचत होतो, आता राहवत नाही. अमेरिका तयार नाही तयार नाही काय चाललंय, महाराष्ट्रात तरी आजवर बाई मुख्यमंत्री कुठे झालीय? आमच्याकडे १९७३ मध्ये शशिकलाताई काकोडकर झाल्या. आता कोणी म्हणेल आधीचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांची मुलगी म्हणून झाल्या. अहो पण त्याआधी स्वतः निवडून आलेल्या होत्या आणि नंतर १९७९ पर्यंत टिकवून दाखवलं. माझी आजी त्यांच्या सभेला पायी जायची. तिला विचारलं ताई कशा बोलायच्या, तर म्हणायची, "बोलपाचें सोड, साडी कितें बरी न्हेसताली!" म्हणजे बघा, बायकाही साडीच बघतात.

खवचट_काका

फोंडेकर, पण आमच्याकडे पन्नास टक्के आरक्षण आहे हो पंचायतीत. सरपंच बाई, खुर्चीत तिचा नवरा, बोर्डावर दोघांचा फोटो. अमेरिकेला हे सुचलंच नाही, बिलला नुसतं "राष्ट्राध्यक्षपती" केलं असतं की सगळे खूश.

रॉचेस्टरची_थंडी

विषय जरा बाजूला नेते. आमच्या गावात माउंट होप नावाची जुनी दफनभूमी आहे, तिथे सूझन अँथनीचा दगड आहे. अगदी छोटा, पांढरा, तुमच्या गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढा. हिने ५ नोव्हेंबर १८७२ ला बायकांना मताचा हक्क नसताना इथे रॉचेस्टरमध्ये जाऊन मत टाकलं, अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला, तो तिने शेवटपर्यंत भरला नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ला मी मत देऊन तिथे गेले. माझं पहिलं मत, सिटिझनशिप त्याच वर्षी झालेली. लाइन दफनभूमीच्या रस्त्यावर पार वळणापलीकडे गेलेली. मत दिल्यावर जो गोल स्टिकर देतात तो लोक दगडावर चिकटवत होते, दगड दिसेनासा झालेला. माझ्या पुढे एक म्हातारी वॉकर घेऊन, तिची नात तिला वाकायला मदत करत होती. माझा स्टिकर चिकटेना, थंडीने गोंद धरेना, मी दोनदा दाबला तरी खाली पडला. शेवटी तो मी कोटाच्या खिशात टाकला. रात्री निकाल लागायला लागल्यावर हात खिशात गेला तर तो तिथेच. अजून त्या कोटात आहे.

आणि हे इतिहासखोर यांना माहीत असेलच, त्याच दिवशी, ५ नोव्हेंबर १८७२, राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिलेली पहिली बाई व्हिक्टोरिया वुडहल न्यू यॉर्कच्या तुरुंगात होती.

इतिहासखोर

माहीत आहे, आणि ती आत का होती तेच तर या धाग्याचं सार आहे! एका नामांकित धर्मोपदेशकाचं विवाहित बाईशी प्रकरण आहे असं तिने आपल्या पेपरात छापलं. म्हणून अश्लील मजकूर पोस्टाने पाठवल्याचा गुन्हा, तिच्यावर. तो उपदेशक पुढे कोर्टात उभा राहिला, ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि तो परत चर्चमध्ये उपदेश करायला मोकळा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणणार होतो, पण वुडहलबाई काही संन्याशी नव्हत्या, मुक्त प्रेमावर भाषणं द्यायच्या.

नव्यानेच_आलोय

एक गंमत कोणी लिहिली नाही म्हणून. १९८४ ला जेराल्डिन फेरारो उपराष्ट्राध्यक्षपदाला उभी होती, मोठ्या पक्षाकडून पहिलीच बाई. मिसिसिपीत एका मंत्र्याने विचारलं, तुला ब्लूबेरी मफिन करता येतात का? ती म्हणाली, येतात की. तुम्हाला? तर म्हणे आमच्याकडे पुरुष स्वयंपाक करत नाहीत. आणि पुढे नवऱ्याच्या धंद्याचे टॅक्सचे कागद निघाले, त्याची उत्तरं पुन्हा हिलाच द्यावी लागली. कोपऱ्यावरची यांच्या यादीत अजून एक.

दुपारची_झोप

आणि हिलरीच्या कुकीज! १९९२ ला ती बोलून गेली की मीही घरी बसून कुकीज भाजू शकले असते. मग एवढा गोंधळ झाला की एका बायकांच्या मासिकाने तिची आणि बार्बरा बुशची कुकीची स्पर्धाच लावली. हिलरी जिंकली. मी ती रेसिपी केलेली आहे. ओट्स, चॉकलेट चिप्स आणि लोणी नाही, वनस्पती तूप! म्हणजे सरळ सरळ डालडा.

खवचट_काका

म्हणजे नानकटाईच की. एवढं सांगितलं असतं तर अख्खा एडिसन (न्यू जर्सीतलं आपल्या लोकांचं गाव) तिच्या पाठीशी उभा राहिला असता.

दुपारची_झोप

पुढचं ऐका काका, २०१६ ला तीच रेसिपी त्याच स्पर्धेत बिलच्या नावाने गेली, आणि मेलानियाच्या कुकीला हरवून जिंकली पण.

मिशिगनकर

म्हणजे त्या वर्षी क्लिंटन घराण्यात जिंकलं कोण तर बिल. अशक्य आहे हे.

बरं, माझा पहिला प्रतिसाद परत वाचला. प्रचार वाईट होता यावर ठाम आहे. पण बायकोला हा धागा दाखवला तर ती म्हणाली, कामावर लग्नाबद्दल "तुझ्यासमोर" कोणी बोलत नव्हतं, लेडीज टेबलवर रोज तेच चालायचं. हे मला नऊ वर्षांनी कळतंय.

इतिहासखोर

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक आकडा राहिला. गॅलपच्या पाहणीत हिलरीबद्दल चांगलं मत सगळ्यात जास्त कधी होतं? १९९८ च्या डिसेंबरात, ६७ टक्के. बिलवर महाभियोग आला तो महिना. म्हणजे नवऱ्याने शेण खाल्लंय, ही गप्प राहून घर धरून बसलीय, तेव्हा ती लोकांना सगळ्यात जास्त आवडली. तीच बाई स्वतःसाठी काही मागायला आली की आकडा खाली. सिनेटर किंवा परराष्ट्रमंत्री म्हणून काम करत असताना पुन्हा वर, उमेदवार झाली की पुन्हा खाली. म्हणून मला पुण्याच्या आजी जास्त बरोबर वाटतात. सोडलं असतं तरी बोलले असते, नाही सोडलं तरी बोलले.

बाराखडी

मी एवढंच म्हणेन की तिचं लग्न होतं, तिने ठरवलं. त्यात मत देणाऱ्याचा काय संबंध. (ट्रम्पच्या लग्नालाही हेच लावते, म्हणून निदान दोन्हीकडे सारखं.) मेलानिया खटल्याला कोर्टात का नाही आली याच्यावर पण किती ती चर्चा. आली असती तर नवऱ्याला लाज नाही हिलाही नाही, नाही आली तर बघा सोडून चालली.

दारावरची_बेल

बाराखडी, तुमच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. चहाला या कधी.

बाराखडी

येईन. अंडी मी आणते.

कोपऱ्यावरची

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. रॉचेस्टरची_थंडी, तुमचा स्टिकर वाचून मी जाऊबाईंना फोन लावला. धागा वाचून दाखवला, वुडहल, हॅल्पिन, डालडा, सगळं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, ते ठीक आहे गं, पण मी तरी तिला मत दिलं नसतंच.

मला तेव्हा कुठे आठवलं. म्हटलं, वहिनी, तुमची सिटिझनशिपची शपथ कधी झाली? नेवार्कला गेलो होतो आपण, येताना डोसा खाल्ला होता.

म्हणाल्या, २०१८.

म्हटलं, मग २०१६ ला तुम्ही कोणालाच मत दिलं नसणार.

जरा वेळ फोनवर काही आवाजच नाही. मग म्हणाल्या, "हो का. तरीपण."

खवचट_काका

"तरीपण" :))

चकलीच्या भाजणीचं प्रमाण द्या आता.